टिप्याला गेटवर बांधलं तेव्हा

अहो,

डबा भरून ठेवलाय, कारखान्यावर जाताना न्या. निशीला आणि टिप्याला घेऊन मी शाळेत जातेय. तिला फिट येण्याआधी कुत्रा भुंकतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेला नाही, कारण फॉर्मवर तुम्ही 'आजार नाही' लिहिलंत. काल मी दोघांना सोडायला गेले, तर हेडमास्तरांनी त्याला गेटवर बांधलं आणि मला म्हणाले, "वैनी, शाळा हाय ही, गोठा न्हवं!" मी घरी परतल्यावर तो भुंकत राहिला, पोरं हसत राहिली आणि निशी नळापाशी कोसळली. हनुवटीला तीन टाके पडले. तुमच्या शब्दाखातर मी डॉक्टरांनाही "खेळताना पडली" म्हणून सांगितलं.

आज मी खरं काय ते शाळेला लिहून देणार आहे. तिच्या लग्नाची काळजी तुम्ही करत बसा. मला ती रोज संध्याकाळी धड घरी यायला हवी.

सुरेखा