पुरावा जिवंत हवा

१ ऑगस्ट २००६, मंगळवार
उत्कर्षाचा फोन. आमची एकुलती एक मुलगी, पंधरा दिवसांवर बाळंतपण. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे इथे, हे ठरलेलंच होतं. आज मात्र तिने अट घातली. शहरभर चिकनगुनिया चाललाय, तेव्हा घरात डास दिसले तर हॉस्पिटलमधून थेट मांजरीला, सासरी जाईन म्हणाली. शिवाय कॉइल नको, स्प्रे नको, मशीन नको, धूप नको. बाळाच्या छातीला वाईट.

मांजरीला! शेजारी ऊस, मागे गोठा, गोठ्यात म्हशी. तिथे म्हणे डासांचा त्रास नाही. हे तिच्या डोक्यात कुणीतरी भरवलेलं दिसतंय. बापूरावांचा, म्हणजे आमच्या व्याह्यांचा, माझ्या नातवंडावर डोळा आहे हे मी साखरपुड्यापासून ओळखून आहे.

कंपनीत सव्वीस वर्षं क्वालिटी कंट्रोलला काढली. व्हीआरएस दिली ती माणसं कमी करायची होती म्हणून, माझी नजर कमी झाली म्हणून नव्हे. माझ्या टेबलावरून खराब माल कधी पुढे गेला नाही.

संकल्प: मागची खोली बाळासाठी. एकही डास नाही, आणि धूरही नाही.

२ ऑगस्ट, बुधवार
खिडक्यांना वेल्क्रोच्या जाळ्या बसवल्या. बसवणारा माणूस फार हसतमुख होता, तेव्हाच संशय आला. तो गेल्यावर कडा न् कडा टॉर्च लावून तपासली. दोष सापडला नाही, म्हणजे नीट लपवलेला असणार. वरून चिकटपट्टी मारली.

वासंती म्हणाली, माळ्यावर मच्छरदाणी आहे, धुऊन लावते, झालं काम. मी म्हटलं, मच्छरदाणी लावणं म्हणजे घरात डास आहेत हे कबूल करणं. ती म्हणाली, मग राहू दे. इतक्या वर्षांच्या संसारात तिच्या 'राहू दे'चा मला एकदाही फायदा झालेला नाही.

४ ऑगस्ट, शुक्रवार
बुधवार पेठेत गेलो. डास पळवणारं अल्ट्रासॉनिक यंत्र घेतलं. प्लगला लावायचं, धूर नाही, वास नाही. आवाजाने डास पळतो, आवाज माणसाला ऐकू येत नाही. दुकानदाराला विचारलं, मग चालू आहे हे कळायचं कसं. म्हणाला, डास आले नाहीत की समजायचं चालू आहे. आणि आले तर? तर बंद आहे. पुढचं गिऱ्हाईक म्हणून त्याने माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. गॅरंटी विचारली तर म्हणाला, कशाची, यंत्राची की डासांची. माणूस उद्धट होता, पण उत्तरात खोट काढता आली नाही.

५ ऑगस्ट, शनिवार, संध्याकाळ
घरभेदी सापडला. दिवेलागणीला वासंती देवापुढे दिवा लावते आणि पुढचं दार सताड उघडते. लक्ष्मी येते म्हणे. नेमकी डासांची वेळ! मी सांगितलं की सव्वीस वर्षं पगार हातात आला तो दुपारीच. लक्ष्मीला संध्याकाळचीच वेळ कशाला हवी. वासंती म्हणाली, आता पगार कुठे येतो, म्हणूनच उघडते. विषय वाढवला नाही.

उद्यापासून दिवेलागणीला दार माझ्या ताब्यात. मी स्वतः दारात उभा राहून कोण आत येतं ते पाहणार.

६ ऑगस्ट, रविवार
काल लिहिल्याप्रमाणे दारात उभा होतो. दार उघडल्याशिवाय उभं राहता येत नाही, त्यामुळे उघडं ठेवावं लागलं. बरेच डास आले. माझ्यामुळे ते मोजता तरी आले.

पण सकाळचं काम जास्त महत्त्वाचं. डास बाहेरून येतात म्हणजे उगम बाहेर. टॉर्च आणि चहाची गाळणी घेऊन अख्खी बिल्डिंग तपासली. चेअरमन जयसिंगरावांच्या कुंड्यांखालच्या ताटल्यांत अळ्याच अळ्या! मीटर रूमबाहेरच्या टायरात अळ्या. गच्चीवरच्या फुटक्या बादलीत अळ्या. जयसिंगराव जिन्यात भेटले. माझ्या हातातली गाळणी पाहून म्हणाले, काय, घरी चहा मिळत नाही का.

हसून घ्या. वीस तारखेला सोसायटीची मीटिंग आहे. कंपनीचा नियम होता: तक्रार करायची तर नमुना राखून ठेवायचा. जॅमच्या बाटल्यांत नमुने भरले, चिठ्ठ्या डकवल्या. बाळाच्या खोलीत कपाटावर रांगेने ठेवले, कारण तीच एक खोली सुरक्षित आहे. खोलीला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. झाकणं लावली नाहीत. गुदमरून मेलेला पुरावा जयसिंगराव मानणार नाहीत. म्हणतील, हा मेथीचा पाला आहे.

८ ऑगस्ट, मंगळवार
पुरावा सुस्त वाटला. प्रत्येक बाटलीत ग्लुकोज बिस्किटाचा चुरा टाकला. संध्याकाळपर्यंत तरतरी आली.

वासंतीने विचारलं, खोलीला कुलूप कशाला. सांगितलं, सरप्राइज. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. तिलाही हल्ली संशय येऊ लागलाय, हा वाईट स्वभाव आहे.

१० ऑगस्ट, गुरुवार
चोरी!

जयसिंगरावांच्या बाटलीतल्या अळ्या निम्म्या झाल्यात. पाण्यावर टरफलासारखं काहीतरी तरंगतंय. घाईत चोराकडून सांडलं असावं. कुलूप शाबूत. जाळी शाबूत. ज्याला या बाटलीचा धोका आहे त्याचीच बाटली रिकामी होते, हे लहान मुलालाही कळेल.

धुणंभांड्यांना येणाऱ्या शालनबाई जयसिंगरावांकडेही काम करतात. सहज विचारतोय असं दाखवून म्हटलं, शालनबाई, बरणी म्हटलं की काय आठवतं? म्हणाल्या, लोणचं. उत्तर फारच चटकन आलं. पढवलेलं असणार.

११ ऑगस्ट, शुक्रवार
खोलीच्या फरशीवर पावडर भुरभुरली. उद्या ठसे मिळतील.

१२ ऑगस्ट, शनिवार
ठसे मिळाले. सगळे माझ्याच चपलेचे. म्हणजे चोराला माझ्या चपलेचं माप ठाऊक आहे. प्रकरण वाटलं त्याहून खोल आहे.

टायरच्या बाटलीतल्याही अळ्या गेल्या. पुरावा कमी पडू नये म्हणून गच्चीवरच्या बादलीतून नवीन भरून आणला. बिस्किट घातलं.

१३ ऑगस्ट, रविवार
खोलीत डास! कुलपाच्या आत, जाळीच्या आत, यंत्र चालू असताना. हाताने मारले तेवढे मारले. एकाच्या पोटात रक्त निघालं, माझंच असावं.

बराच विचार केला. खिडकीतून नाही, दारातून नाही. उरते विजेची पाइप. पाइप मीटर रूममधून येते. मीटर रूमची किल्ली जयसिंगरावांकडे. आधी पुरावा काढायचा आणि मग डास सोडायचे! चेअरमनपद टिकवण्यासाठी माणूस एवढा खाली उतरतो हे पाहून वाईट वाटलं. स्विचबोर्डाच्या सगळ्या फटींत कापूस कोंबला. आता पंखा जरा हळू फिरतो, पण तो भ्रम असेल.

१५ ऑगस्ट, मंगळवार
मुलगी झाली! सकाळी खाली झेंडावंदनाची तयारी चालली होती तेव्हा जावई योगेशचा फोन आला. हा खराडीला आयटीत आहे, एरवी फोनवर हं आणि ओके याच्या पुढे जात नाही. आज म्हणाला, बाबा, मुलगी, दोघी छान. मी फोन ठेवला आणि उगाच गॅलरीत जाऊन उभा राहिलो. जयसिंगराव खालून ओरडले, काय झालं. सांगितलं. ते वर आले आणि सगळ्यांना वाटायला आणलेल्या पेढ्यांतले चार त्यांनी माझ्या हातात कोंबले. तेवढ्यापुरतं भांडण बाजूला ठेवलं. पेढा ताजा होता.

शुक्रवारी डिस्चार्ज. उत्कर्षाने फोनवर विचारलं, बाबा, डास? मी म्हटलं, तू ये तर.

१८ ऑगस्ट, शुक्रवार
आल्या. वासंतीने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. पोरगी मूठभर. माझ्याकडे पाहून जांभई दिली. मी तिला माझं बोट धरायला दिलं, तिने ते सोडलंच नाही. कंपनीत निरोपाच्या दिवशी डोळ्यांत पाणी येऊ दिलं नव्हतं, आज आलं. खोली उघडली. दुपट्यांवर बाळाला निजवलं. उत्कर्षा म्हणाली, जाळ्या छान लावल्यात बाबा. मी म्हटलं, झोप तू निवांत.

त्याच दिवशी, संध्याकाळ
लिहायलाच हवं म्हणून लिहितो.

चार वाजता बाळ रडू लागलं. गालावर लाल गाठ, हातावर दोन, कपाळावर एक. उत्कर्षाने दिवा लावला. पडद्यावर डास, दुपट्यावर डास, भिंतीवर ओळीने डास. तिने वर पाहिलं. म्हणाली, कपाटावर काय आहे. मी सगळं प्रकरण क्रमाने सांगितलं. नमुने, चोरी, शालनबाई, पाइप. पुरावा दिसावा म्हणून जयसिंगरावांची बाटली खाली काढून तिच्यापुढे धरली. पाण्यावर एक टरफल होतं आणि त्या टरफलावर एक कोवळा डास उभा होता, पाय वाळवत. आम्ही तिघंही बघत राहिलो. मग तो गेला.

उत्कर्षा म्हणाली, बाबा, तुम्ही पाळलेत. आवाजही चढवला नाही. मी म्हटलं, टरफलाचा मुद्दा तपासावा लागेल. वासंती म्हणाली, राहू दे, आणि बॅग भरायला लागली. स्वतःचीसुद्धा.

योगेश गाडी घेऊन आला. बाटल्या पाहिल्या. बिस्किटाचा पुडा पाहिला. बॅगा उचलल्या. साडेपाचच्या आत सगळी मांजरीला गेली.

२० ऑगस्ट, रविवार
बाटल्या काल गच्चीवर कोरड्या फरशीवर ओतून दिल्या. मीटिंगला गेलो. जयसिंगराव आपणहून म्हणाले, तुमची गाळणी पाहून लाज वाटली हो, त्याच दुपारी ताटल्या कोरड्या केल्या, टायर भंगारात दिला. म्हणजे तेव्हापासून बिल्डिंगमध्ये जयसिंगरावांचं एकच पाणी शिल्लक होतं, ते माझ्या कपाटावर. गच्चीवरची बादली मात्र पुरावा संपू नये म्हणून मीच कुणाला हलवू दिली नव्हती. माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मी आभार मानून बसलो.

डास अजून खोलीत आहेत. बाहेर जाऊ शकत नाहीत, जाळी इतकी चोख बसली आहे.

२२ ऑगस्ट, मंगळवार
वासंतीचा फोन. बाळाला ताप नाही. डॉक्टर म्हणाले लक्ष ठेवा. मी रोज तीनदा फोन करतो, उत्कर्षा घेत नाही. मीसुद्धा घेतला नसता. घर फार मोठं वाटतं.

२६ ऑगस्ट, शनिवार
बारसं, मांजरीला. बोलावणं वासंतीमार्फत आलं.

बापूराव फाटकाशीच उभे होते. म्हणाले, या व्याही, पोरगी झ्याक हाय, ताप न्हाई का काय न्हाई. मी आत येता येता कोपरे पाहून घेतले. ऊस होता, म्हशी होत्या. घरात डास दिसला नाही. दुपार होती म्हणून असेल. पाळण्यावर मच्छरदाणी होती, बाजारात मिळते तसली साधी, गुलाबी.

पाळण्याच्या खोलीच्या दारात उत्कर्षाने मला थांबवलं. माझी पिशवी घेतली, सगळ्या बायकांसमोर उघडली. टोपडं, खडीसाखर, पाण्याची बाटली. पाण्याची बाटली उजेडात धरून बराच वेळ पाहिली. मग म्हणाली, खिसे. कुणीतरी हसलं, ती हसली नाही. मी हात वर करून उभा राहिलो. दोन्ही बाजूंचे खिसे तिने चाचपले. काम मन लावून केलं, पण सदऱ्याच्या आतला खिसा तिच्याकडून राहून गेला. तो मीच उलटा करून दाखवला.

मग तिने मच्छरदाणी उचलली.