रिकामी फेरी

६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच केराच्या डब्यात टाकलं असतंस, म्हणून पाकिटावरचा पत्ता आपल्या बँडमधल्या बासवाल्याकडून लिहून घेतला. फोन तर तू उचलत नाहीसच. आम्ही इकडे मजेत. तुझी तब्येत कशी आहे? उपचार म्हणून नाही, खरंच विचारतोय.

बातमी अशी की तुझ्या या म्हाताऱ्या भावाची नवी रेकॉर्ड येतेय. एकोणीस वर्षांनी! नाव ठेवलंय 'दुरुस्तीसाठी बंद'. एक गाणं कवळीवर आहे, एक बिघडलेल्या लिफ्टवर, आणि एक डॉक्टरांच्या दाराबाहेर नंबरासाठी भांडणाऱ्या चार म्हाताऱ्यांवर, तेही स्विंगच्या झोकदार ठेक्यात. चाली आपल्या आईच्याच आहेत, कपडे वाळत घालताना ती गुणगुणायची त्या. मी त्यांना फक्त बूट घातले.

रेकॉर्डिंग एका बंद पडलेल्या छापखान्यात चालतं. अजून आपल्या जुन्या पद्धतीनेच: मध्ये एकच माईक, भोवती आम्ही गोल उभे, आणि ज्याचा आवाज मोठा त्याने दोन पावलं मागे. रेकॉर्डिंग करणाऱ्या बाई कवळीच्या गाण्याला इतक्या हसल्या की पहिला टेक वाया गेला.

सर्दी-खोकला नाही ना तुला? जिना उतरताना कठडा धरतेस ना? हसू नकोस, धरत जा.

फेऱ्यांचा आपला नियम तुला आठवत असेलच. गाण्यात प्रत्येकाची एक फेरी, एकट्याने वाजवायची किंवा गायची. जो वारला, त्याची फेरी कुणी वाजवायची नाही. बास तेवढा चालत राहतो, बाकीच्यांचे हात खाली. पण जिवंत माणसाची फेरी कधी रिकामी सोडायची नाही. कुणी आलं नसेल तर दुसऱ्याने ती भरून काढायची.

नोव्हेंबरात ड्रमवाल्याला ताप होता, तो आला नाही. त्याची फेरी आली आणि आम्ही सगळेच सवयीने थांबलो. नंतर खूप हसलो. म्हटलं, ऐकायला बरं वाटतंय, राहू दे. नवव्या दिवशी तो गेला. जानेवारीत ट्रम्पेटवाला लेकीकडे राहायला गेला होता. पुन्हा तीच चूक झाली. तो बारा दिवस टिकला.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे तू जाणतेस. पण तीन तारखेला आम्ही 'गळका नळ' केलं. तुझं गाणं. तू नाहीस म्हणून मीच गायलो, माझ्या या फुटक्या आवाजात. मध्येच मी क्लॅरिनेट ओठांवरून खाली घेतली आणि तू सुरू करशील म्हणून थांबलो. बावीस वर्षं तू बँडमध्ये नाहीस, तरी थांबलो. माझं बघून सगळेच थांबले. अख्खी फेरी रिकामी गेली.

शनिवारी ये आणि ती फेरी गाऊन टाक. माझ्याशी बोलू नकोस, तोंडही बघू नकोस, फक्त गा. तेवढंही जमत नसेल तर निदान एक कार्ड टाक.

तुझा दादा


१४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

आशीर्वाद. 'धडधाकट आहे. येणार नाही. पुन्हा लिहू नकोस.' तुझं कार्ड मिळालं. पुन्हा लिहितोय, माफ कर, पण आता वेगळंच कारण आहे.

काल बासवाला आणि मी ते गाणं पुन्हा ऐकायला बसलो. बासवाला कसा आहे तुला ठाऊकच आहे, वर्षातून चार वाक्यं बोलतो. त्यातलं एक काल बोलला. म्हणाला, "अरे, ही तिची फेरी नाहीच. पहिली तिची, ती तू गाऊन टाकलीस. दुसरी कायम तुझी असते. तू स्वतःच्याच फेरीला थांबलास."

मी मोजलं. मग पुन्हा मोजलं. त्याचं बरोबर आहे.

तो खिडकीबाहेर बघत राहिला. बाईंना सगळं माहीत आहे, त्या घाईघाईने म्हणाल्या, "उद्या सकाळीच या, तुमची फेरी वाजवून टाका, कुणाला कळणारसुद्धा नाही." मी नको म्हटलं. ती जागा मी भरली आणि ती पाळी चुकून तुझ्यावर आली तर? असू दे तशीच. बाईंच्या खुर्चीत बसून मी रडलो, आणि खरं सांगतो, आनंदाने रडलो. तू नव्हतीस ना त्यात.

आता इतकी वर्षं टाळलेलं लिहून टाकतो. बावीस वर्षांपूर्वीच्या त्या कार्यक्रमात वरच्या सुरावर तुझा आवाज चिरकला, तेव्हा मी माईकवर म्हणालो, "माफ करा, आमच्या पिपाणीत पाणी गेलंय." हजार माणसं हसली. तीनच महिन्यांपूर्वी तुझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि त्या सगळ्या सभागृहात ते माहीत असलेला मी एकटा होतो. माहीत असून बोललो. विनोद सुचला की मला गिळता येत नाही. माझ्या त्या एका वाक्याने तुझं गाणं संपलं. हे मला त्याच क्षणी कळलं होतं, नंतर नाही.

आज अकरावा दिवस. सकाळपासून डावा हात जरा जड आहे. वय झालं, दुसरं काही नसेल.

शनिवारी यायची गरज उरली नाही. तू धडधाकट आहेस, तशीच राहा. कधी घरात कुणी नसताना एखादी ओळ म्हणून बघ, आवाज चिरकला तरी चालेल. हसायला मी तिथे नसेन.

सात वर्षांनी मोठा असलेला, आणि निदान एकदा तरी मोठ्यासारखं वागू पाहणारा,

तुझा दादा