चोरपुळणीची राखण

१७ नोव्हेंबर, सोमवार
पोचले बाई एकदाची! ह्यांच्या माघारी अलोऱ्याच्या कॉलनीत भिंतींशी बोलून कंटाळले, म्हणून इथे पावस गावाच्या खालच्या अंगाला ओळखीतल्या सर्वेशच्या होमस्टेत स्वयंपाकाला आले. दारात माड, समोर समुद्र. सर्वेश पाया पडायला वाकला तर म्हटलं, एवढा नको वाकू, कंबरेत धरलं तर लग्न कोण करील तुझ्याशी? पोर लाल झालं.
खाली चोरपुळण आहे. भरतीला दिसतसुद्धा नाही. ओहोटीला कातळाच्या कडेने वाट उघडते नि आत पांढरी वाळू. माझी शमिका रत्नागिरीत नर्स आहे, ती रविवारी येणार. मायलेकी मिळून पुळणीवर जायचं ठरलंय. मी पाण्यात बसणार, ती माझे फोटो काढणार.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
काशीरामदादा आला होता. पुळण सांभाळणाऱ्या राखणदार देवाला राखण द्यायचा मान त्याच्या घराकडे. दर वर्षी या अवसेला पुळणीच्या तोंडाशी कोंबडा सोडायचा, मगच माणसांनी आत जायचं. त्यासाठी सर्वेशने एक तांबडा पाळलाय. दादाने बजावलंन, याला कुणी ताटात घ्यायचा नाही. मी म्हटलं, दादा, तुमच्या मिशा बघून राखणदार तुम्हालाच कोंबडा समजेल. हसला नाही मेला.

१९ नोव्हेंबर, बुधवार
पुण्याचा ओमकार म्हणून पाहुणा आलाय, गळ्यात कॅमेरा. गावठीच कोंबडा पाहिजे म्हणून हटून बसला. गावात मिळेना. सर्वेश बाहेर गेलेला. माझ्या अंगात खोडी शिरली. राखणीचा तांबडा कापला, नि त्याच्या जागी तसाच दिसणारा फार्मातला आणून बांधला. पाहुण्याला चव कळते, राखणदाराला थोडीच कळणार!
ओमकारला छाती वाढली. सर्वेश परत आल्यावर पंख चाखत बसला, काही न विचारता. दोन्ही तंगड्या डब्यात घालून शमिकाला धाडल्या, ओमकार गाडीने रत्नागिरीला एक चक्कर मारून यायला निघालाच होता. मीठ बघता बघता काळीज मी खाल्लं. शमिकाचा फोन आला, आई, बोटं चाटली गो!

२० नोव्हेंबर, गुरुवार
राखण दिली. दादाला डोळ्यांनी कमी दिसतं, त्याला काही कळलं नाही. वाटेत मला हसू आवरेना. सोडलेला कोंबडा कधीच परत येत नाही, म्हणे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी काल सोडलेला कोंबडा अंगणात. धडधाकट. दाणे टिपतोय.
संध्याकाळी ओमकार ओहोटीला गेला तो आलाच नाही. गावच्या पोरांनी उचलून आणला. मी चादर सारून बघितलं. बघायला नको होतं. छाती मधोमध फाडलेली. फासळ्या दोन्हीकडे उलगडून ठेवलेल्या. आत काही नाही. मी कोंबडी साफ करते ना, तसं.

२२ नोव्हेंबर, शनिवार
सर्वेश. भर दुपारी, विहिरीपाशी. ओरडला, मी धावले तोवर संपलं होतं. दोन्ही हात खांद्यातून मोडून काढलेले. सांध्यातून, सफाईने. हात कुठेच नाहीत—
पोलीस म्हणतात जनावर असेल.
दादाने कोंबड्याकडे बघितलंन, मग माझ्याकडे. मी सगळं सांगितलं. तो ओरडला नाही. म्हणाला, राखणदार आपला कोंबडा गोळा करतोय. कुणी काय खाल्लंन, सांग.
छाती. पंख.
तंगड्यांवर आले नि फोनकडे धावले.
शमिकाचा फोन लागत नाही. येऊ नको म्हणून मेसेज टाकलाय. पोचत नाही—

२३ नोव्हेंबर, रविवार
सकाळी तिचाच मेसेज, दोन तास उशिरा पोचलेला. पहिल्या एसटीने आल्ये, सकाळची ओहोटी आहे, थेट पुळणीवर जाते, तू चहा घेऊन ये.
धावले. भरती लागून वाट बुडालेली. कातळावर तिच्या चपला. दोन्ही. शेजारी शेजारी.

दादाने मला घरात ओढून आणलंन. दार लावून घे, कोणी हाक मारली तरी उघडू नको, म्हणाला नि माणसं बोलवायला गेला.

कोंबडा आरवतोय. थांबतच नाही—

शमिका. आई, दार उघड गो, म्हणते. आवाज तिचाच. पण खालून येतोय. उंबऱ्याच्या लगतून—

जमिनीवर घासत काही तरी—

फटीतून सावल्या दिसतात. एक आडवी. एक तिच्यामागे, उभी.

छातीत काळजाला ओढ लागलीय. हात घालून कुणी चाचपतंय तसं—

लेक आहे माझी. आले गो बाय, आले. कडी तेवढी—