हंसाची दाढ

वामन,

होडी लागली की जाळी तशीच टाक आणि पालघरच्या इस्पितळात ये. हंसाला तिथे ठेवलं आहे. मी तिची गोधडी न्यायला घरी आलो होतो. शेजारच्या गोदूबाईला निरोप दिला असता, पण ती आधी रडते आणि मग भलतंच सांगते, म्हणून लिहितो.

तू दर्यावर गेलास तेव्हा हंसाची दाढ सुजली होती. तुझ्या आयशीने भगताकडून सुनेला रिंगणीच्या बियांची धुरी देववली. तोंडाखाली धरलेल्या वाटीतल्या पाण्यात बारीक पांढऱ्या किडी पडल्या, त्या आम्ही सगळ्यांनी पाहिल्या. ठणका थांबला. कीड गेली म्हणून आम्ही नारळ फोडला. मग ताप चढला, तेव्हा दाढेचं कुणाच्या मनातही आलं नाही.

डॉक्टर म्हणतात, त्या किडी नव्हत्या, बियांतलेच कोंब होते. दाढेतला पू रक्तात उतरून काळजाला लागला. लहानपणी तिचे सांधे धरले होते, तेव्हापासून काळीज कमजोरच होतं म्हणे.

"आजोबा, आधी का नाही आणलंत?"

"दाढंसाठी कोन येतो पालघरला, सायेब?"

सुया चालू आहेत, पण ताप हटत नाही.

आयशीला धुरीचं काही बोलू नकोस. ती जेवत नाही.

तुमची बारकी गोदूबाईकडे आहे, तिला घेऊन ये. हंसा तिला सारखी मागत होती, पण लहान मुलांना आत सोडत नव्हते. आज डॉक्टर स्वतःच म्हणाले, "मुलीला आणा."

बाबा