काळं म्हणून रंगवलेलं हिरवं इंजिन

४ मार्च

चि. धाकटीस अ. आ.

साठी झाली म्हणून तुझ्या भाच्याने मला वाफेच्या इंजिनाचा प्लास्टिकचा संच पाठवला. तुकडे चौकटीतून कापायचे, चिकटवायचे, रंगवायचे. म्हटलं, जन्मभर लोकांच्या दाढा भरल्या, त्यापुढे हा पोरखेळ. पहिल्याच दिवशी अंगठा बॉयलरला चिकटला. तुझ्या वहिनीने तेल लावून सोडवला आणि पुढे येईल त्याला ती गोष्ट रंगवून सांगितली.

पण संचच सदोष आहे. तीन भाग कमी, आणि सूचना मुंग्यांनी वाचाव्यात इतक्या बारीक. कंपनीला खरमरीत पत्र धाडलंय. इंजिन मात्र झकास काळं रंगवलं. लोभ आटू देऊ नकोस.

तुझा दादा

११ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

नाचता येईना, अंगण वाकडं! वहिनीशी फोनवर बोलले. हरवलेले तिन्ही भाग तुझ्यापुढच्या वर्तमानपत्रावरच पडले होते म्हणे. आणि तुझं काळं इंजिन चांगलं बाटलीसारखं हिरवं आहे. पोट धरून हसले.

मग हसू थांबलं. दादा, तुझी बहीण नर्स आहे, म्हणून खवचटपणा बाजूला ठेवून सांगते: डोळे दाखव. प्लास्टिकला दुखत नाही. तुझ्या खुर्चीतल्या माणसाला दुखतं, आणि त्याचं तोंड तूच उघडून ठेवलेलं असतं. माझ्यावर राग धर, पण ऐक.

तुझी धाकटी

२० मार्च

चि. धाकटीस अ. आ.

राग धरलाच होता. घरभर तुझ्या नावाने शंख केला. लहान तोंडी मोठा घास, असंही म्हणालो. मग तुला खोटं पाडायला इंजिन आणि त्या तीन भागांतला एक बारीक दांडा दवाखान्यात नेला, मोठा दिवा लावला आणि चिमट्याने भोकात बसवू लागलो. भोक डावीकडे, मी टोचतोय उजवीकडे. बाहेर शाळेच्या मुख्याध्यापिका गाल धरून बसल्या होत्या. त्यांना चौकातल्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं, ज्यांना मी आजवर कालची पोर म्हणत आलो, आणि दाराला कुलूप घातलं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, चांगला पिकलेला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, असं असताना काम कसं करत होता. मी म्हणालो, सवयीने. ते हसले नाहीत.

तुझा घाबरलेला दादा

२ मे

चि. धाकटीस अ. आ.

शस्त्रक्रिया झाल्या, दोन्ही डोळे लख्ख. इंजिन पाहिलं. धुराडं झोकांड्या खातंय, एक चाक उलटं, आणि बॉयलरभर माझ्याच बोटांचे ठसे. पोलिसांना चोर शोधायलाच नको. हसून हसून पुरेवाट झाली.

मग आठवलं, याच डोळ्यांनी मी हिवाळाभर लोकांच्या दाढा भरल्यात. सगळ्यांना परत बोलावलं. डॉक्टरीणबाई आपलं काम आटोपून माझ्याकडे येतात. त्या तपासतात, मी दिवा धरतो. बहुतेकांचं ठीक निघालं, बोटांनी लाज राखली. सुतारमामांची दाढ मात्र खालून पोकळ राहिली होती. मी विचारलं, इतकं दुखत होतं तर आला का नाहीत. ते म्हणाले, तुम्ही कधी दुखवलं नाहीत, तेव्हा वाटलं आपलीच दाढ नाटकी आहे.

बाईंनी दाढ नव्याने भरली. मी मामांचा हात धरून माफी मागितली. गाल बधिर, त्यांना धड बोलता येईना. त्यांनी नुसतं माझ्या पाठीवर थोपटलं, लहान मुलाला थोपटावं तसं.

अशीच माया कर, आणि अशीच कान उपटत राहा.

तुझा दादा