खिशाचा फ्रॉक

प्रिय विशाखा,

फोन न करता पत्र लिहायला बसले आहे, कारण फोनवर मी तुला बोलू देत नाही. हे तू मला किती वेळा सांगितलंस. "आई, तुझ्यासमोर चारशे माणसं नाहीत, मी एकटी आहे," असं म्हणायचीस आणि हसायचीस. गेले दहा महिने तू हसतही नाहीस. आपलं बोलणं म्हणजे जेवलीस का, जेवले. आजीच्या गोळ्या आणल्या का, आणल्या. मग प्रणय फोन तुमच्या लेकीसमोर, उत्पलासमोर धरतो, ती सोफ्यापासून खिडकीपर्यंत चालून दाखवते, आणि मी इकडं सिडकोतल्या या घरात मोबाईलवर बोट फिरवत बसते. तिनं पहिलं पाऊल कोणत्या दिवशी टाकलं, हे विचारायचा धीर मला अजून झाला नाही.

इथलं सांगते. थंडी चांगली पडली आहे. आजीची नजर आता जवळजवळ गेलीच, पण बोटं शाबूत आहेत. दुपारी गॅलरीत उन्हात बसून ती मेथी निवडते, एक काडी भाजीत राहू देत नाही. पायाच्या आवाजावरून माणूस ओळखते. रोज एकदा विचारते, "उत्पली कवा येती?" मी म्हणते, येईल. परवा म्हणाली, "तू भांडली का गं विशाखीसंगं?" मी म्हटलं, नाही. त्यावर म्हणाली, "मंग भाषण केलं असशील." तुझी आजी मनकर्णाबाई कधी शाळेत गेली नाही, पण माझ्यावर असं नेमकं बोट ठेवणारं माणूस मला सगळ्या विद्यापीठात भेटलं नाही.

गेल्या रविवारी टीव्ही सेंटरजवळच्या सभागृहात माझं व्याख्यान होतं. तुला पाठ असलेलंच. देवगाव रंगारीला आजी ज्यांच्या शेतात निंदायला जायची, त्या घरातून एकदा लाल फ्रॉक आला, त्यांच्या मुलीच्या अंगावरून उतरलेला. मी तो घालून शाळेत गेले. त्या मुलीनं भर वर्गात माझ्या खिशात हात घातला, "हा माझा खिसा आहे," म्हणाली, आणि आतले माझे चिंचोके काढून घेतले. संध्याकाळी माझ्या वडिलांनी, तुझ्या कडुबा आजोबांनी, तो फ्रॉक चुलीत घातला आणि म्हणाले, "माझ्या लेकराच्या अंगाला आता कुणाचं उतरलेलं लागणार नाय." इथं टाळ्या पडतात. मग मी म्हणते, त्या चुलीच्या उजेडात मी पहिल्यांदा स्वतःला माणूस म्हणून पाहिलं. पुन्हा टाळ्या. गेल्या रविवारी मी चुलीपर्यंत आले आणि पुढं बोलताच येईना. पाणी प्यायले. मंचावर शेजारी बसलेला आयोजक संघपाल माझ्याकडं वाकून म्हणाला, "मॅडम, बीपीची गोळी घेतली ना?" मी तशीच 'जय भीम' म्हणून खाली बसले. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

त्या एका फ्रॉकवर मी तुझं सगळं बालपण बेतलं, विशाखा. तुझे बाबा परभणीला नोकरीला होते, मी इथं शाळेत शिकवत होते, उस्मानपुऱ्यात एका खोलीत राहत होतो. पण तुझ्या अंगावरचं कापड नेहमी नवं, खळ घातलेलं, कडक इस्त्रीचं. लोक म्हणायचे, कलेक्टरची मुलगी आहे की काय. मला तेच हवं होतं. ज्यांना शतकानुशतकं प्रेतावरचं आणि दुसऱ्याच्या अंगावरचं नेसावं लागलं, त्यांच्या लेकराच्या फ्रॉकची इस्त्री हीसुद्धा एक चळवळच, असं मी मानत आले. तू मातीत बसलीस की मी ओरडायची. सिल्लोडच्या लग्नात तू आणि रूपा, दोघी मावसबहिणींनी गंमत म्हणून फ्रॉक बदलले होते, आठवतं? सात वर्षांची होतीस. तुला तिचा मळलेला पिवळा फ्रॉक आवडला होता, त्याला गोल घेर होता, गिरकी घेतली की फुलायचा. मी तुला सगळ्या मांडवासमोर तो उतरवून परत द्यायला लावला. तू रडली नाहीस. फक्त त्यानंतर तू कुठल्याच कपड्यात गिरकी घेतली नाहीस. माझ्या हे लक्षात आलं होतं. मी त्याला शिस्त म्हटलं.

मग उत्पला झाली आणि तू तुझ्या पद्धतीनं तिला वाढवायला लागलीस. तुझ्या पुण्यातल्या मैत्रिणी आपापल्या मुलांचे आखूड झालेले कपडे एकमेकींना देतात, हे तू मला किती आनंदानं सांगितलं होतंस. कुणाच्या मुलाची अर्धी चड्डी, कुणाच्या मुलीचं झबलं. मला फोटो पाठवायचीस आणि माझ्या अंगावर काटा यायचा. "आई, ती दर दोन महिन्यांनी वाढते. नवं कापड तिला टोचतं, वापरलेलं मऊ असतं. आणि हे कुणी फेकलेलं नाही, कुणीतरी धुऊन, जपून दिलेलं आहे," असं तू म्हणालीस. मी काय म्हणाले तेही मला शब्दशः आठवतं. ज्यांना कधी उतरलेलं घालावं लागलं नाही, त्यांनाच त्याचा शौक परवडतो. तू विषय बदललास. मला वाटलं, मी जिंकले.

उत्पलाच्या पहिल्या वाढदिवसाच्या आठ दिवस आधी तुझा फोन आला होता. "या वेळी तिचे कपडे मी आणणार आहे, तू काही घेऊ नकोस हं," असं म्हणालीस. तुझ्या आवाजात हसू होतं, काहीतरी लपवल्यासारखं. मी त्या हसण्याकडं लक्ष दिलं नाही. दुसऱ्याच दिवशी गुलमंडीत गेले आणि जाळीचा, टिकल्यांचा, परीसारखा फ्रॉक घेऊन आले.

पुढचं तुला सांगायची गरज नाही, पण मला लिहायची गरज आहे. वाढदिवसाला इथं आपल्या हॉलमध्ये पन्नास माणसं होती. त्रिसरण-पंचशील झालं. तू उत्पलाला घेऊन आलीस तर तिच्या अंगावर निळा, कुठं गडद कुठं फिका, डागाळल्यासारखा जुना फ्रॉक. माझ्या मंडळाच्या बायका बघत होत्या. कुणीतरी "बाई गं" म्हटलेलं मी ऐकलं. मी तुझ्या हातातून तिला घेतलं. तू एवढंच म्हणालीस, "आई, नीट बघ ना." आणि मी म्हणाले, "बघितलं, म्हणून तर बदलते." आतल्या खोलीत नेऊन मी तो असा ओढून काढला की शिवण टर्रकन उसवली. तिला नवा घालून बाहेर आणलं आणि उभ्या उभ्या तुझ्या आजोबांच्या चुलीची गोष्ट सांगितली. टाळ्याही पडल्या. उत्पला रडत होती. जाळीनं तिची मान लाल झाली होती, ते मी केक कापल्यावर पाहिलं. तू माझ्याकडं बघत उभी राहिलीस, कशाची तरी वाट बघत असल्यासारखी. मला तो उद्धटपणा वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसनं तुम्ही गेलात. निळा फ्रॉक घडी करून खुर्चीवर ठेवला होतास. मी तो बोहारणीसाठी बांधून ठेवलेल्या जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात टाकला.

तेव्हापासून हे घर मोठं झालं आहे. तिच्यासाठी आणलेली छोटी खुर्ची अजून जेवणाच्या टेबलाशीच आहे, कामाला येणारी निशा झाडू मारताना ती रोज उचलून पुन्हा तिथंच ठेवते. शेजारचं बाळ रडलं की आजी कान टवकारते. मी औरंगपुऱ्यात पुस्तकं घ्यायला गेले की हात आपोआप चित्रांच्या पुस्तकांकडं जातो, आणि मग आठवतं की तिला काय आवडतं तेच मला ठाऊक नाही.

एक गोष्ट मी आजवर कुठल्याच भाषणात सांगितली नाही. तो लाल फ्रॉक जळत होता तेव्हा मी माणूस वगैरे काही झाले नव्हते. मी रडत होते. तीन दिवस रडले. अपमान झाला म्हणून नव्हे, खिसा गेला म्हणून. मला तोवर कधी खिसाच नव्हता. आपलं काहीतरी आपल्याजवळ ठेवायला एवढीशी जागा असते, ही गोष्टच मला त्या फ्रॉकनं शिकवली होती. आजीनं समजूत काढली, "रडू नको, तुझ्या लेकीला दोन खिसं लाव." वडिलांचा राग खरा होता, तो मला आजही पटतो. कुणी वरून खाली टाकलेलं कापड मी आजही घरात येऊ देणार नाही. पण माझं रडूही खरं होतं, आणि ते मी त्या चुलीतच सोडून आले.

आता हे पत्र का, ते सांगते. त्या व्याख्यानाच्या आधीच्या गुरुवारी कित्येक महिन्यांनी बोहारीण आली. मी तिच्याशी पातेल्यावरून वाद घालत होते आणि आजी मांडीवर गाठोडं घेऊन एकेक कपडा चाचपत होती. एकाएकी म्हणाली, "करुणा, हे नको देऊ गं. हा तर विशाखीच्या पहिल्या वाढदिवसाचा. हे बघ दोन्हीकडं खिसं, तूच लावलेलं." मी म्हटलं, आई, तो पांढरा होता, हा निळा आहे. ती म्हणाली, "रंग मला कुठं दिसतो? टाका तुझा हाय." मी तो उलटा केला. शिवणीच्या आत कापड पांढरं होतं. दोन खिसे होते, माझ्या दोन बोटांएवढे. खाली चार बोटं कापड आत दुमडलेलं, तू वाढशील म्हणून मी ठेवलेलं, जे उसवायची वेळ मी कधी येऊ दिली नाही कारण तोवर मी नवाच आणायची. तू तो लोखंडी पेटीतून नेलास, जपलास, पिवळा पडलेला म्हणून घरच्या घरी निळा रंगवलास, आणि माझ्यासमोर आणून उभा केलास. नीट बघ ना, म्हणालीस. माझ्या नजर गेलेल्या आईला जे बोटांनी दिसलं, ते मला चष्म्यातून दिसलं नाही. विशाखा, आपल्या घरात आपलं जुनं असं काही कधी नव्हतंच. जुनं ते नेहमी दुसऱ्याचं. उत्पलाच्या अंगावर त्या दिवशी पहिल्यांदा आपलं स्वतःचं जुनं होतं, आणि ते मी पन्नास माणसांसमोर नाकारलं. मी फाडलेली शिवण मी शिवली आहे. दुमडलेली पट्टी उसवून खाली सोडली आहे, तिथं निळा रंग फिका आहे, घडीची रेघ इस्त्रीनंही गेली नाही. कडेच्या शिवणीत राखलेली माया सोडून अंगातही थोडा सैल केला आहे. फेब्रुवारीत ती दोन वर्षांची होईल. तिचं माप मला माहीत नाही, म्हणून अंदाजानंच केलं. फ्रॉक या पत्रासोबत पाठवते आहे, तो तुझाच आहे. तिला होत असेल तर घाल. होत नसेल तर तुझ्या मैत्रिणींपैकी जिची मुलगी लहान असेल तिला दे, माझी हरकत नाही. आणि तिला घेऊन येशील तेव्हा, कधीही ये, तिच्या अंगावर काहीही असू दे. मी दारात उभी राहीन आणि काही बोलणार नाही. उजव्या खिशात दोन चिंचोके ठेवले आहेत. ते तिनं काढून घ्यावेत. पण गिळू नये म्हणून तू लक्ष ठेव.

आजी शेजारी बसून विचारते आहे, "लिवलं का समदं?" लिहिलं.

तुझ्या एका शब्दाची वाट बघणारी,
तुझीच,
आई