जास्वंद आणि झेंडू

॥ श्री ॥
बरखेडा, भोपाळ
३ फेब्रुवारी २०२५

चि. क्षितिजा हिस मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या सिनेमाचे दोन पास मिळाले. पास फुकट, पण रिक्षाला जाऊन-येऊन एकशे ऐंशी आणि मध्यंतरात तुझ्या काकांनी घेतलेल्या मक्याच्या लाह्यांना दोनशे सत्तर गेले. लाह्या खारट होत्या.

आपलं क्वार्टर पडद्यावर केवढं मोठं दिसतं गं. भिंतीची ओलही दिसली. देवघरासमोर तो नायक बायकोला शहर सोडू म्हणतो आणि ती लगेच नाही म्हणते, तिथे मला रडू आलं. पण एक कळेना. तो बोलतो तेव्हा बाजूला गणपतीला लाल जास्वंद, ती बोलते तेव्हा पिवळा झेंडू, पुन्हा तो बोलला की जास्वंद. काकांना कोपर मारून विचारलं, तर म्हणाले, सिनेमा बघ, पूजा घरी कर. ताटातल्या पोळ्याही तशाच. तीन होत्या, तो खात राहिला आणि चार झाल्या. हे मुद्दाम करतात, की बघणाऱ्याचं लक्ष नसतं असं धरून चालतात? शूटिंगच्या दोन्ही दिवशी मला तुम्ही स्वयंपाकघरात बसवलंत, त्यामुळे काही बघता आलं नाही. नीट समजावून लिही. फोनवर तू नुसती हो हो करतेस.

तुझी
इंदुमावशी


मुंबई
८ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. इंदुमावशीस शि. सा. न.

पोळ्यांचं अजून कोणाला कळलेलं नाही, कोणाजवळ बोलू नकोस. फुलांनी मात्र माझी झोप उडवली आहे. मंगळवारी कॅमेरा त्याच्याकडे लावून त्याची सगळी वाक्यं घेतली. बुधवारी कॅमेरा फिरवून तिची. नंतर जोडलं की एकच दुपार वाटते. मधल्या वेळात काडीही हलू नये हे बघायचं काम माझं. बुधवारी मी तिच्या साडीच्या निऱ्यांत अडकले आणि देवघर बघायचं राहिलं. आता कोणीतरी त्या फुलांभोवती लाल गोल काढून फोनवर सोडलंय, लोक हसताहेत.

दिग्दर्शक म्हणतात, फुलं कोणी बदलली ते अठरा तारखेपर्यंत सांग, नाहीतर पुढच्या सिनेमाला येऊ नकोस. सगळे सजावटीच्या आशिषकडे बोट दाखवतात. तो शपथ घेऊन नाही म्हणतो. तू त्याला देवघराशी बघितलंस का? बघितलं असशील तर मी त्याचं नाव सांगते.

तुझी लाडकी
क्षितिजा


॥ श्री ॥
बरखेडा, भोपाळ
१२ फेब्रुवारी २०२५

चि. क्षितिजास आशीर्वाद.

आशिषचं नाव घेऊ नकोस. फुलं मी बदलली.

तुमचा तो माणूस बजावून गेला होता की सामानाला हात लावायचा नाही. मी टेबलाला, खुर्चीला लावलाही नाही. देव सामानात धरले असतील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. बुधवारी तुम्ही यायच्या आधी आंघोळ करून कालचं निर्माल्य काढलं आणि रोजच्यासारखी ताजी फुलं वाहिली, त्या दिवशी झेंडूची. त्याने मंगळवारी विचारलं आणि तिने बुधवारी उत्तर दिलं, हे तुझ्या पत्रावरून आत्ता कळतंय. तुमची दुपार एकच होती, देवघरात मात्र दुसरा दिवस उजाडला होता. तुझे काका दोन दिवस हसताहेत. म्हणतात, नायिकेच्या आधी हिनेच फुलं बदलून नाही म्हटलं.

मला हसू येत नाही. त्या पोरावर आळ आला आणि तुझं काम जायची वेळ आली. सोबत दिग्दर्शकांच्या नावे चिठ्ठी आहे, ती त्यांच्या हातात दे. आधी तू वाचशील आणि एक ओळ खोडावीशी वाटेल, पण खोडू नकोस. चूक माझी, मुलीला बोल लावू नये, असं लिहिलंय. पुन्हा असं होणार नाही हेही लिहायला घेतलं होतं, पण लिहवेना. शिळी फुलं दुसऱ्या दिवशी माझ्याने ठेववणार नाहीत. म्हणून त्या ओळीत लिहिलं, पुन्हा आलात तर देवघरासमोरचं एका दिवसात उरका.

वाचून ते काय म्हणाले, रागावले तरी, शब्दन् शब्द उलट टपाली कळव. आणि ती चौथी पोळी कुठून आली तेही.

तुझी
इंदुमावशी